विझर्डकडून वसुली कशी करायची

बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माजघरात दर रविवारी दुपारी डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डाव बसतो: प्रत्येकाचं एक पात्र, आणि फासे टाकत गोष्ट पुढे जाते. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारी आणि नियम सांभाळणारी, मी. एकदा साडेतीन एडिशनमध्ये (एडिशन म्हणजे नियमांची आवृत्ती) आठव्या लेव्हलची लढाई चालू होती. वहिनी ड्रुइड, म्हणजे प्राण्याचं रूप घेऊ शकणारी जादूवाली. ती स्वतः अस्वल झाली होती, शेजारी तिचं पाळलेलं अस्वल, आणि नॅचरल स्पेल हे फीट (जादा कसब) घेतल्यामुळे अस्वलाच्या रूपातच स्पेलही (मंत्र) टाकत होती. आतेभाऊ फायटर. पाळी आली की म्हणायचा, "मारतो." फासा टाकायचा, आकडा सांगायचा, झालं. तिसऱ्या फेरीला तो उठला. "ताई, मी सगळ्यांना सेवउसळ घेऊन येतो." परत आला तेव्हा लढाई संपली होती, आणि तो नव्हता म्हणून कोणाचं काही अडलं नव्हतं.

ते मला फार लागलं. त्यानंतर मी एकेका एडिशनचे नियम पुन्हा वाचून काढले. प्रत्येक एडिशन जादूवाल्याला मोठी ताकद देते आणि तिची किंमत कुठेतरी वसूल करते. वसुलीची जागा मात्र बदलत राहते. ती शोधा, आणि तिथे सूट देऊ नका.

दुसरी एडिशन (१९८९) खेळत असाल तर ही वसुली सुरुवातीलाच होते. पहिल्या लेव्हलच्या मेजला (विझर्डचं तेव्हाचं नाव) हिट पॉइंटसाठी, म्हणजे किती मार सोसेल त्यासाठी, चार बाजूंचा फासा आणि दिवसाला एक स्पेल. स्पेल टाकताना मार बसला की स्पेल वाया. दुसरी लेव्हल गाठायला चोराला अनुभवाचे १२५० पॉइंट लागतात, फायटरला २०००, मेजला २५००. म्हणून इथे "गोष्ट पुढे सरकली, सगळे एक लेव्हल वर" असं कधीही करू नका. चोर लवकर चढतो ही त्याची कमाई आहे, ती हिसकावू नका.

२००० साली आलेल्या तिसऱ्या एडिशनने सगळ्यांना पॉइंटचा एकच तक्ता दिला. शत्रू अंगाशी असतानाही सांभाळून स्पेल टाकायची सोय दिली, आणि आठव्या लेव्हलला त्यासाठीची फाशाची तपासणी सहसा चुकत नाही. म्हणजे किंमत काढून टाकली आणि ताकद तशीच ठेवली. साडेतीनमध्येही (२००३) तेच राहिलं. इथे नुसत्या डीएमगिरीने भागत नाही, नियमालाच हात घालावा लागतो. नॅचरल स्पेल बंद करा. वहिनीला मी आधी विचारलं, ती लगेच तयार झाली. आणि सहाव्या लेव्हलला चढण थांबवा, पुढे फक्त फीट द्या. खूप जण असं खेळतात. सहाव्यापर्यंत फायटर आणि विझर्ड खरोखर एका पंगतीला बसतात.

चौथीत (२००८) सगळ्यांनाच हवं तेव्हा, लढाईत एकदा आणि दिवसात एकदा वापरायच्या पॉवर मिळतात. समतोल हवा असेल तर हिच्याइतकी चोख एडिशन नाही. सगळे क्लास (पात्रांचे प्रकार) सारखेच वाटतात ही तक्रार मला पटत नाही. लढाया लांबतात, हे मात्र खरं.

पाचवीबद्दल (२०१४) सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेक टेबलं तीच खेळतात. तिची वसुली दिवसाच्या लांबीत आहे. डीएमच्या पुस्तकात दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी धरल्या आहेत. फायटरचं ॲक्शन सर्ज (एका पाळीत जादा कृती) आणि वॉरलॉक या दुसऱ्या जादूवाल्याचे स्लॉट (स्पेल टाकायचा साठा) छोट्या विश्रांतीने परत येतात, विझर्डचे बहुतेक स्लॉट फक्त लाँग रेस्टने, म्हणजे रात्रभराच्या विश्रांतीने. आमच्या चार तासांत जेमतेम दोन लढाया होतात. प्रत्येक रविवारी लाँग रेस्ट दिली, तर विझर्डला सगळी तिजोरी दोनच लढायांत उधळता येते.

म्हणून रविवार संपला तरी खेळातला दिवस संपवू नका. आमचा एक दिवस तीन रविवार चालतो, मध्ये दोन छोट्या विश्रांती. भाची विझर्ड आहे. पाचव्या लेव्हलला फायरबॉल हाती आला, आठ सहा-बाजूंच्या फाशांइतका मार. आधी ती पहिल्याच टोळीवर तो टाकायची. आता दार उघडण्याआधी आतेभावाला विचारते, "दादा, हे तू सांभाळशील?"

कॉन्सन्ट्रेशनही विसरू नका. स्पेल धरून ठेवलेल्याला मार बसला की लगेच फासा मागा. १० किंवा निम्मा मार, जे जास्त असेल ते गाठायचं, नाहीतर स्पेल वाया. २०२४ च्या सुधारित नियमांत फायटरला वेपन मास्टरी मिळाली आहे: कोणाला पाडणं, कोणाला मागे ढकलणं. "मारतो" याच्या पलीकडे बोलायला त्याच्याकडे काहीतरी असतं.

उठण्याआधी प्रत्येकाकडून उरलेले हिट पॉइंट आणि स्लॉट चिठ्ठीवर लिहून घ्या, चिठ्ठ्या पाकिटात घाला, नाहीतर आठवड्याभरात सगळ्यांचे स्लॉट आपोआप भरतात. आमचं पाकीट आतेभाऊ फोडतो. एकेक आकडा मोठ्याने वाचतो, आणि पुढे कोणी उभं राहायचं ते तोच ठरवतो.