टेप-इनपुटचा उजवा आवाज परत आला

बाबांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला टेप डेक जोडला की उजवा स्पीकर मुका. रेडिओ मात्र दोन्हीकडे छान वाजायचा, म्हणजे दोष टेपच्या इनपुटपाशीच. मागे पाच पिनांचं डिन सॉकेट (जुन्या ऑडिओ उपकरणांचं गोल सॉकेट) आहे: पिन नंबर २ अर्थिंग, ३ डावा आवाज, ५ उजवा, १ आणि ४ रेकॉर्डिंगसाठी. केबल ठीक होती, पण ती हलवली की आवाज क्षणभर यायचा.

मेनचा प्लग काढला, कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) रिकामे होऊ दिले, मग झाकण उघडलं. भिंगातून ५ नंबरच्या पिनेभोवती सोल्डरला (जोडणीसाठी वितळवून लावलेल्या धातूला) केसाएवढी गोल चीर दिसली. वर्षानुवर्षं केबल ओढून असंच होतं. जुनं सोल्डर शोषून काढलं, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं द्रव्य) लावून नवं दिलं. उरलेल्या चार पिनांनाही.

बाबांची भजनांची कॅसेट लावली. उजवीकडून तबला आला, तशी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.