कॅव्हिओलिन-१ ची पट्टी शोधताना

कॅव्हिओलिन-१ हे पेशीपटलाला आधार देणारे प्रथिन थंड ट्रायटन एक्स-१०० या डिटर्जंटमध्ये (पेशीपटल विरघळवणाऱ्या साबणासारख्या द्रव्यात) पुरते विरघळत नाही, त्यामुळे पेशी फोडून सेंट्रिफ्यूज केल्यावर त्याचा बराच भाग तळाच्या गाळात जातो आणि वरच्या द्रवावर प्रतिपिंड कितीही चांगले वापरले तरी वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने आकारानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याच्या चाचणीत) त्याची पट्टी फिकी येते. तेव्हा ऑक्टाइल ग्लुकोसाइड हे दुसरे डिटर्जंट वापरावे, निदान गाळ तरी तपासावा. २१ ते २४ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वस्तुमानाचे एकक) दरम्यान दिसणाऱ्या दोन पट्ट्या ही त्याची अल्फा व बीटा रूपे असतात. इम्युनोप्रेसिपिटेशननंतर (प्रतिपिंडाच्या मदतीने प्रथिन द्रवातून ओढून काढल्यावर) मात्र प्रतिपिंडाची सुमारे २५ किलोडाल्टनची हलकी साखळी (त्याच्या रेणूचा लहान घटक) तिथेच येऊन फसवते, म्हणून ब्लॉटसाठी दुसऱ्या प्राण्यापासूनचे प्रतिपिंड घ्यावे. आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो; प्रतिपिंडाचे पार्सल आल्याबरोबर शीतपेटीत गेलेच पाहिजे.