वकिली मालिकेच्या स्पिन-ऑफवर प्रतिक्रिया कशी लिहावी

आवडती वकिली मालिका संपते, काही काळाने तिच्यातलेच एखादे पात्र वेगळ्या नावाच्या मालिकेतून स्ट्रीमिंगवर परत येते आणि पहिला भाग पुरता संपण्याआधीच "मूळ मालिकेची सर नाही" असे लिहून अनेक प्रेक्षक मोकळे होतात. हे वाक्य खरे असू शकते, पण त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. कथा कमी पडली, पात्र कमी पडले, न्यायालयातली प्रकरणे पोकळ निघाली, की फक्त जुन्या माणसांची आठवण येत राहिली? असा स्पिन-ऑफ, म्हणजे जुन्या मालिकेतून फुटून निघालेली नवी मालिका, पाहताना प्रेक्षकाच्या मनात दोन भावना एकदमच उठतात. एक असते जे संपले त्याची हळहळ आणि दुसरा असतो जे समोर आले त्याबद्दलचा निवाडा. दोन्ही लिहिण्याजोग्या आहेत, मात्र त्या वेगळ्या ठेवता आल्या तरच प्रतिक्रिया दुसऱ्या प्रेक्षकाच्या उपयोगी पडते.

पहिला भाग लावण्यापूर्वी एका कागदावर दोन-तीन ओळी लिहाव्यात: मूळ मालिकेत आपल्याला नेमके काय आवडत होते आणि त्यापैकी काय या नव्या मालिकेत आलेले आहे. हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, कारण स्पिन-ऑफ दर वेळी वेगळीच गोष्ट उचलून आणतो. 'द गुड वाइफ' सात पर्वांनंतर २०१६ मध्ये संपली आणि २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'द गुड फाइट'ने तिच्यातली ज्येष्ठ वकील डायन लॉकहार्ट, शिकागो शहर आणि वकिलीचा व्यवसाय ही तिन्ही सूत्रे कायम ठेवली. निवृत्तीच्या उंबरठ्यावर एका आर्थिक घोटाळ्यात आयुष्यभराची पुंजी गमावलेली डायन कृष्णवर्णीय भागीदारांच्या फर्ममध्ये नव्याने उभी राहते, हा त्या कथेचा आरंभ होता. त्याच मालिकेतली एल्सबेथ ही वकील २०२४ च्या 'एल्सबेथ'मध्ये न्यूयॉर्कच्या पोलिसांबरोबर खुनांचा छडा लावू लागली. पात्र तेच राहिले, प्रकार मात्र बदलला. 'सूट्स'मधल्या जेसिका पिअरसनला घेऊन २०१९ मध्ये आलेली 'पिअरसन' शिकागोच्या महापौरांच्या राजकारणात शिरली, तर २०२५ च्या 'सूट्स एलए'मध्ये मूळचे नाव आणि जग होते, पण मध्यवर्ती माणसे सगळी नवी होती. पात्र, शहर, व्यवसाय, सूर आणि नाव यांपैकी काय पुढे आले आहे हे आधी ठरवले, की अपेक्षाही त्याच मापाने ठेवता येते. 'एल्सबेथ'मध्ये लांबलेल्या उलटतपासण्या नाहीत अशी तक्रार करणारा प्रेक्षक त्या मालिकेने कधी दिलेच नव्हते असे वचन मोडल्याचा आरोप तिच्यावर करत असतो.

पूर्वकथा सांगणाऱ्या स्पिन-ऑफबाबत आणखी एक काळजी घ्यावी लागते. 'ब्रेकिंग बॅड'मधला वकील सॉल गुडमन पुढे जिवंत असतो हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाने 'बेटर कॉल सॉल' पाहताना "याला काही होणार नाही हे माहीत आहे, मग उत्कंठा कसली?" असे म्हणणे स्वाभाविक आहे, पण ही तक्रार मालिकेच्या रचनेला लागू पडत नाही. अशा कथेत 'काय झाले' याऐवजी 'कसे झाले' हा प्रश्न ओढून नेतो. शिवाय किम वेक्सलर ही तिची प्रमुख वकील स्त्री-व्यक्तिरेखा मूळ मालिकेत कुठेच नाही आणि म्हणून तिच्या बाबतीतली धास्ती शेवटपर्यंत खरीखुरी राहते. पूर्वकथेवर लिहिताना कोणाचे भविष्य आपल्याला ठाऊक आहे आणि कोणाचे नाही याची मनाशी यादी करावी. मालिकेचा खरा ताण बहुधा दुसऱ्या गटातल्या माणसांत सापडतो.

किती भाग पाहून लिहावे, याचे एकच उत्तर नाही. दर भागाला एक खटला संपवणारी मालिका असेल तर तीन-चार भागांत तिची पद्धत स्पष्ट होते. एकच प्रकरण पर्वभर चालणार असेल तर अर्ध्या पर्वाआधी निकाल देणे घाईचे ठरते. 'बेटर कॉल सॉल' २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात जिमी मॅकगिल नावाचा धडपड्या वकील होता आणि सॉल गुडमन हे नाव वकिलीसाठी घेण्याचा निर्णय तो चौथ्या पर्वाच्या अखेरीस, २०१८ मध्ये जाहीर करतो. "सॉल केव्हा येणार?" या एकाच प्रश्नावर पहिले पर्व मोजणाऱ्याच्या हातून तिथले सर्वांत चांगले काम निसटले असते: वृद्धनिवासातल्या रहिवाशांची बिले फुगवली जात असल्याचे जिमीच्या लक्षात येणे, फाडून टाकलेल्या कागदांच्या पट्ट्या कचऱ्यातून गोळा करून रात्रभर त्या जुळवत बसणे आणि त्यातून एक मोठा सामूहिक दावा उभा राहणे. वकिलीच्या कामातला कंटाळा आणि चिकाटी पडद्यावर इतक्या आस्थेने क्वचितच आली आहे, असे माझे मत आहे. तेव्हा लवकर लिहायचे असेल तर अवश्य लिहावे, पण आपण किती भाग पाहिले हे पहिल्याच ओळीत सांगावे. अर्ध्यावर सोडली असेल तर तेही सांगावे, कारण कोठे सोडली ही माहितीच वाचणाऱ्याला मोलाची असते.

आता कायद्याकडे वळू, कारण या प्रकारच्या मालिकांवरच्या प्रतिक्रिया सर्वाधिक इथेच चुकतात. "असे प्रत्यक्षात होत नाही" हे वाक्य लिहिण्यापूर्वी आपण तीन वेगळ्या गोष्टींपैकी कशाबद्दल बोलत आहोत हे ठरवावे. पहिली गोष्ट म्हणजे लेखकांची खरी चूक. दुसरी म्हणजे नाट्यासाठी केलेली सवलत: अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत दोषी ठरणाऱ्या आरोपींपैकी ९० टक्क्यांहून अधिक जण गुन्ह्याची कबुली देऊन दोषी ठरतात, खटला ज्युरीसमोर चालतच नाही. तरीही मालिकेत दर आठवड्याला ज्युरी बसते, कारण तडजोडीच्या वाटाघाटींवर प्रत्येक भाग उभा करणे अवघड असते. महिनोन्महिने चालणारी प्रक्रिया चाळीस मिनिटांत आटोपणे हीसुद्धा सवलतच आहे, आणि सगळ्याच वकिली मालिका ती घेत असल्यामुळे एकट्या स्पिन-ऑफला तिच्यासाठी दोष देणे न्याय्य नाही. तिसरी गोष्ट म्हणजे कायदा वाकवला जातो आहे हेच मालिकेला दाखवायचे असणे, जसे जिमी मॅकगिलच्या बाबतीत घडते. त्याने नियम मोडला म्हणजे पटकथेची चूक झाली असे होत नाही. तो मोडल्याची किंमत कोणी मोजली हे मालिका दाखवते की नाही, हे तपासावे.

खरी चूक दाखवायची असेल तर ती नेमकी दाखवावी. सूचक प्रश्न, म्हणजे ज्यात उत्तर आधीच दडलेले असते असा प्रश्न, वकिलाने विचारला म्हणून दृश्य चुकीचे ठरवणाऱ्या प्रतिक्रिया पुष्कळ दिसतात. मात्र असे प्रश्न आपल्याच साक्षीदाराच्या सरतपासणीत सर्वसाधारणपणे चालत नाहीत आणि विरुद्ध पक्षाच्या साक्षीदाराच्या उलटतपासणीत चालतात, हा भेद त्यांत हरवलेला असतो. उलट, अमेरिकेतल्या दिवाणी खटल्यात ऐनवेळी दार उघडून अनपेक्षित साक्षीदार आत येतो तेव्हा शंका घ्यायला जागा आहे, कारण तिथे साक्षीदारांची नावे आणि कागदपत्रे सुनावणीपूर्वी परस्परांना द्यावी लागतात. ज्या देशात ज्युरी नाही तिथल्या प्रेक्षकाने कथा कोणत्या देशाच्या न्यायव्यवस्थेत घडते आहे हे लक्षात ठेवूनच आक्षेप नोंदवावा. कायद्याची माहिती नसेल तर त्यावर निवाडा न देता "मला हे पटले नाही, कारण वकिलाने इतका वेळ लपवलेला पुरावा न्यायाधीशांनी एकही प्रश्न न विचारता स्वीकारला" असे दृश्यातल्या वागण्यावर बोट ठेवून लिहावे. जाणकार वाचक त्याचे उत्तर देऊ शकतो आणि चर्चा पुढे जाते.

मालिका, तिचे निर्माते आणि ती दाखवणारी सेवा ही एकच गोष्ट नाही, हेही प्रतिक्रियेत दिसायला हवे. 'द गुड वाइफ' सीबीएस या वाहिनीवर पाहणाऱ्यांसमोर 'द गुड फाइट'चा केवळ पहिला भाग वाहिनीवर आला आणि पुढच्या भागांसाठी सीबीएस ऑल अ‍ॅक्सेस या सेवेचे वर्गणीदार होणे भाग पडले. त्याचा राग येणे योग्यच आहे, परंतु तो वेगळ्या परिच्छेदात लिहावा. वर्गणीच्या रागापोटी कथेला दिलेला एक तारा कथेबद्दल काहीच सांगत नाही. त्याच मालिकेचे चौथे पर्व २०२० मध्ये सात भागांतच थांबले आणि अनेकांना शेवट तुटक वाटला. तो तुटक होताच, पण साथीमुळे चित्रीकरण बंद पडल्याचा तो परिणाम होता, लेखकांनी केलेली निवड नव्हती. २०१९ मध्ये तिसऱ्या पर्वातल्या एका भागातून चीनमधल्या सेन्सॉरशिपवरचा छोटा अ‍ॅनिमेशनपट वगळला गेला आणि त्याच्या जागी हा मजकूर सीबीएसने सेन्सॉर केल्याची पाटी दिसली. अशा ठिकाणी "मालिका घाबरली" असे सरसकट लिहिण्यापूर्वी निर्णय कोणाचा होता हे पाहून घ्यावे.

राजकीय आशयाबद्दल थोडक्यात सांगायचे तर सहमती आणि गुणवत्ता यांची गल्लत करू नये. 'द गुड फाइट'च्या दुसऱ्या पर्वातल्या भागांची शीर्षके ट्रम्प यांच्या अध्यक्षपदाचे दिवस मोजणारी होती, म्हणजे मालिकेने आपली भूमिका झाकलेली नव्हती. त्या भूमिकेशी मतभेद असतील तर ते स्पष्ट नोंदवावेत आणि मग, आपल्याला मान्य असलेली भूमिका इतक्याच ढोबळपणे मांडली असती तर आपण तिला क्षमा केली असती का, हे स्वतःला विचारावे.

जुन्या पात्रांच्या पाहुण्या भेटींसाठी एक साधी कसोटी आहे. 'सूट्स एलए'मध्ये मूळ मालिकेतला हार्वी स्पेक्टर येतो, तेव्हा जुन्या प्रेक्षकाला झालेला आनंद खरा असतो. मात्र प्रतिक्रियेत हेही सांगावे की हार्वी कोण हे अजिबात माहीत नसलेल्या माणसाला ते दृश्य काय देते. काहीच देत नसेल तर ती मालिका उसन्या जिव्हाळ्यावर चालली आहे. ही मालिका १३ भागांच्या एकाच पर्वानंतर बंद झाली. मूळ 'सूट्स'ला मात्र २०२३ मध्ये स्ट्रीमिंगवर प्रचंड नवा प्रेक्षक मिळाला होता, त्यामुळे नावाची लोकप्रियता आपोआप पुढच्या मालिकेत उतरत नाही हे तिच्या निमित्ताने दिसले.

इतरांच्या आकड्यांवर विसंबताना आकडा काय मोजतो ते समजून घ्यावे. रॉटन टोमॅटोज या परीक्षणे एकत्र करणाऱ्या संकेतस्थळावरची समीक्षकांची टक्केवारी ही सरासरी गुण नसून अनुकूल परीक्षणांचे प्रमाण असते. सर्वांना 'बरी' वाटलेली मालिकाही त्यामुळे शंभराजवळ पोहोचू शकते. पुरस्कारांचेही तसेच आहे: 'बेटर कॉल सॉल'ला अमेरिकी दूरचित्रवाणीसाठीच्या एमी पुरस्कारांची ५३ नामांकने मिळाली आणि पुरस्कार एकही मिळाला नाही.

प्रत्यक्ष लिहिताना एक दृश्य निवडावे आणि त्याच्या आधारे बोलावे. "नवी नायिका कंटाळवाणी आहे" असे न लिहिता "चौथ्या भागात अशील तिच्याशी खोटे बोलल्याचे उघड होते, तरी त्या रात्री ती काय करते हे मालिका दाखवत नाही, म्हणून तिचा पुढचा निर्णय मला हवेतून आल्यासारखा वाटला" असे लिहावे. पहिले वाक्य निर्मात्यांनाही निरुपयोगी आहे. दुसऱ्यावर सहमत होता येते, भांडता येते, आणि तो भाग पुन्हा पाहून मत बदलताही येते. खटल्याचा निकाल किंवा एखाद्याचा मृत्यू उघड करायचा असेल तर आधी ठळक इशारा द्यावा, आणि मूळ मालिकेचा शेवटही तितकाच जपावा, कारण स्पिन-ऑफपासून सुरुवात करणारे प्रेक्षक पुष्कळ असतात.

पात्रावरचा राग कलाकारावर जाऊ देऊ नये. 'ब्रेकिंग बॅड'मध्ये नायकाची पत्नी स्कायलर हिची भूमिका करणाऱ्या अ‍ॅना गन यांनी २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून, पात्राबद्दलचा द्वेष आपल्या स्वतःपर्यंत कसा पोहोचला हे सांगितले होते. वकिली मालिकांत नावडती, हट्टी, तत्त्वासाठी घरच्यांना दुखावणारी माणसे हमखास असतात आणि ती नावडावीत यासाठीच कलाकार मेहनत घेतो. अशा वेळी पात्राचे नाव आणि कलाकाराचे नाव वेगवेगळ्या वाक्यांत ठेवावे.

लिहून झालेली प्रतिक्रिया रात्रभर ठेवून सकाळी एकदा वाचावी आणि ज्या ज्या वाक्यात मूळ मालिकेचे नाव आहे त्याखाली रेघ मारावी. निम्म्याहून अधिक वाक्यांखाली रेघ आली तर आपण अजून जुन्याच मालिकेबद्दल लिहीत आहोत. अशा वेळी नव्या मालिकेचे आणखी दोन भाग पाहावेत आणि मगच तो मजकूर प्रसिद्ध करावा.