पाऊस सरासरीइतका, मग उतारा का घटला? या चुका टाळा

‘यंदा पाऊस सरासरी गाठणार’ एवढ्यावर पिकाचा हिशेब मांडणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. साताऱ्याचंच बघा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, तर माण-खटावला पाचशेच्या आसपास. जिल्ह्याची सरासरी या दोन्हीकडच्या रानाला लागू पडत नाही. गावाचा आकडा बरोबर असला तरी तो किती दिवसांत पडला आणि फुलोऱ्यात ओल होती का, यावर एकरी उतारा, म्हणजे उत्पादन, ठरतं. चार दिवसांत दोनशे मिलिमीटर झाला तर त्यातला बराचसा ओढ्याला जातो.

दुसरी चूक घाईच्या पेरणीची. वळवाच्या एका सरीवर शेजाऱ्याने पाभर जुंपली की आपलाही धीर सुटतो. सोयाबीनला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा यावा लागतो, म्हणजे माती ओली हवी पण चिखल नको. वरची तीन बोटं ओली आणि खाली कोरडं असेल, तर बी फुगतं, पाऊस दडी मारतो आणि बी तिथंच कुजतं. म्हणून वीतभर खड्डा काढून खालची माती मुठीत दाबून बघा. गोळा झाला आणि टाकल्यावर फुटला, तर वाफसा आहे. घरचं बी असेल तर आधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवा. सत्तरच्या खाली उगवले तर एकरी ३० किलोवर भागणार नाही, बियाणं वाढवा. बी तीन ते पाच सेंटिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका. दुबार पेरणीत बियाण्याचा खर्च तर जातोच, हंगामाचे दिवसही जातात, आणि ते विकत मिळत नाहीत.

सगळ्या रानात सोयाबीनचं एकच वाण लावू नका. जेएस ९३०५ साधारण ८५ ते ९० दिवसांत निघतं. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचं फुले संगम शंभरच्या पुढं जातं. दोन्ही थोडं थोडं असलं, तर ऑगस्टमधला पावसाचा खंड किंवा काढणीचा पाऊस सगळ्या पिकाला एकाच वेळी गाठत नाही.

खंड पडला की काही जण कोरड्यातच युरिया फेकतात. त्याचा पिकाला उपयोग नाही. त्यापेक्षा कोळपणी करून ओळींमधली माती हलवा, भेगा बुजल्या की ओल टिकते. शेततळं किंवा विहीर असेल तर फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना एखादं संरक्षित पाणी द्या. दहा लिटर पाण्यात शंभर ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट घेऊन फवारणी केली तरी पीक तग धरतं.

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या द्राक्षबागायतदारांचं दुखणं वेगळं. लवकर माल आणि चांगला दर या आशेने आख्खी बाग आगाप छाटली जाते आणि पोंगा (कोवळी फूट) व फुलोरा नेमका परतीच्या पावसात सापडतो. डाऊनी (केवडा रोग), गळ, घडकुज एकामागून एक येतात. प्लॉट टप्प्याटप्प्याने छाटा. पाऊस उघडल्यावर पानं किती तास ओली राहिली यावर डाऊनीचा जोर ठरतो, त्यामुळे कॅलेंडर बघून फवारणं पुरत नाही. कॅनोपी, म्हणजे पानांचा विस्तार, मोकळी ठेवा, ओळींतलं पाणी चरातून काढून द्या. मण्यांत पाणी भरल्यावर पाऊस आला तर मणी तडकतात. त्यावर फवारणीचा इलाज नाही.

राहिला अल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापणं, ज्याने आपला पाऊस कमी होण्याची भीती असते. नुसतं नाव ऐकून पेरणी टाळणारेही आहेत. १९९७ साली अल निनो जोरदार होता, तरी देशात मोसमी पाऊस सरासरीइतका झाला. उलट २०२३ सालीही अल निनो होता, आणि त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. हंगामाच्या अंदाजावर वाण आणि क्षेत्र ठरवा. पेरणी, फवारणी, काढणी मात्र मंगळवार-शुक्रवारच्या कृषी हवामान सल्ल्यावर.