पेढीची प्रायव्हेट लिमिटेड करताना
सांगलीत हळदीची पेढी आम्ही दोघे भाऊ भागीदारीत चालवायचो. पेढीचं देणं थकलं की टाच दोघांच्या घरावर. म्हणून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली; तिच्या देण्याची जबाबदारी मर्यादित, घरापर्यंत येत नाही. किमान दोन संचालक, दोन भागधारक लागतात. तेच दोघे दोन्हीकडे चालतात. किमान भांडवलाची अट 2015 पासून नाही. आधी डिजिटल सही काढा, मग नाव राखून ठेवा. दुसऱ्या कंपनीशी मिळतंजुळतं असलं तर नाकारतात. कंपनीचा कारभार कसा चालेल ते ठरवणाऱ्या तिच्या नियमावलीत मात्र घाई नको. शेअर बाहेरच्याला विकण्याआधी भावाला विचारायचं, हे कलम स्वतः वाचून घाला. पुढं जावई येतात! बँकेला वैयक्तिक हमी दिलीत, तर त्या कर्जाच्या बाबतीत जबाबदारीची ही मर्यादा संपलीच. आम्ही दिली, वहिनी अजून बोलून दाखवतात. ऑडिट दरवर्षी सक्तीचं, उलाढाल शून्य असली तरी.