गाडीचा स्टीरिओ मुका झालाय? वायर कापायच्या आधी हे बघा

गेल्या मे महिन्यात आईला घेऊन पारोळ्याहून धुळ्याला निघालो होतो. वाटेत स्टीरिओ मुका झाला. डिस्प्ले चालू, गाण्याचे सेकंद पुढे सरकतायत, आवाज मात्र कुठूनच नाही. आई मागून म्हणतेय, "गाना लाव ना रे भाऊ." धुळ्यात एका दुकानात दाखवलं, तर त्यानं न उघडताच सांगितलं, "कंपनीचा सेट गेला, नवीन अँड्रॉइड स्क्रीनचा सेट टाकून घ्या."

मी पंपाच्या मोटारी रिवाइंड करतो. मीटर लावल्याशिवाय कुठलीही वस्तू जळाली असं म्हणायची मला सवय नाही. घरी येऊन संध्याकाळी गाडी उघडली, आणि दोष निघाला दीड वीत वायरचा.

सेट खोलण्याआधी दोन गोष्टी जागेवर बसूनच होतात. बॅलन्स (आवाज डावीकडे-उजवीकडे) आणि फेडर (पुढे-मागे) चारही कोपऱ्यांत फिरवा. एकच कोपरा गप्प असेल तर सेटवर संशय घेऊ नका, स्पीकर किंवा त्याची वायर बघा. सेट पूर्ण बंद असेल तर फ्यूज बघा. एक गाडीच्या फ्यूजपेटीत असतो, बऱ्याच सेटच्या पाठीवरही एक असतो. उडालेल्या फ्यूजवर जितके अँपिअर छापलेत तितक्याचाच नवा लावा. तिथे तांब्याची तार गुंडाळली की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

खोलायचं ठरलं तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. काही सेट बॅटरी सुटल्यावर कोड मागतात, तो गाडीच्या कागदांत आहे का ते आधीच बघून ठेवा. गिअरवर जुनं धोतर नाहीतर टॉवेल टाका. पॅनल प्लास्टिकच्या पट्टीनं कडेकडेनं उचला, स्क्रू ड्रायव्हर घातला की ओरखडा कायमचा. डिसेंबरच्या पहाटे हे काम करू नका, गार प्लास्टिकच्या क्लिपा कटकन तुटतात. पिवळ्या रंगाचे एअरबॅगचे कनेक्टर दिसले तर त्यांना हात लावायचा नाही.

सेट बाहेर आला की कनेक्टरच्या पिना नीट बघा. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक, ती सगळीकडे शिरते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून कनेक्टर दोन-तीनदा काढघाल केला की कित्येक सेट तिथेच बरे होतात. खड्ड्यात आवाज जाऊन-येऊन असेल तर हेच पहिलं कारण समजा.

आता मुख्य काम. सेटपासून कनेक्टर सुटा ठेवून मल्टीमीटर ओहमवर (रोध मोजायच्या खुणेवर) लावा आणि एकेका स्पीकरच्या जोडीवर धरा. 4 ओहमचा स्पीकर साधारण 3 ते 4 दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर कॉइल किंवा वायर तुटलेली. मग मीटरची एक पिन गाडीच्या पत्र्याला लावून दुसरी प्रत्येक स्पीकर वायरला लावा. इथे काहीही दाखवता कामा नये, म्हणजे जोडच नसावा. माझ्या मीटरनं मागच्या डाव्या दाराच्या वायरला शून्य ओहम दाखवलं, म्हणजे पत्र्याशी थेट जोड. दार उघडझाप होतं तिथल्या रबरी नळीत वायर घासून सोलली होती आणि पत्र्याला टेकत होती. आजच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरांवर व्होल्टेज असतं, त्यामुळे त्यांतली एकही बॉडीला टेकलेली चालत नाही. संरक्षण असलेला सेट अशा वेळी स्वतःला गप्प करतो, नसेल तर आतली आवाजाची चिप (आयसी) जळते. सोलल्या जागी नवा तुकडा सोल्डर केला, स्लीव्ह चढवली, आणि सेट बोलू लागला.

सेट खरोखर गेलाच असेल तर माप घेऊन जा. सेटच्या तोंडाचं ठरलेलं माप डिनमध्ये सांगतात: एक डिन म्हणजे 180 बाय 50 मिलिमीटर, डबल डिन 180 बाय 100. आपल्या मॉडेलचा कपलर, म्हणजे कंपनीच्या कनेक्टरला नवा सेट जोडणारी मधली वायर, मागा. कंपनीचा कनेक्टर कापू देऊ नका, मी ह्यासाठी भांडायलाही तयार असतो. बाजारच्या सेटला पिवळी म्हणजे कायमचा बारा व्होल्ट, लाल चावी फिरवल्यावर, काळी अर्थ. हे रंग गाडीच्या वायरांना लागू होतीलच असं नाही, तिथे मीटरनंच ओळखा. माझ्या मेव्हण्याच्या गाडीत कुणीतरी पिवळी आणि लाल एकत्र पिळली होती. गाडी आठ दिवस मळ्यात उभी राहिली आणि बॅटरी बसली. आणि उलट, पिवळीला कायमचा करंट मिळत नसेल तर प्रत्येक वेळी घड्याळ आणि स्टेशनं पुसली जातात.

पॅनल दाबण्याआधी सेट लोंबकळत असतानाच टर्मिनल जोडा, गाडी सुरू करा, चारही कोपरे ऐका. इंजिनाच्या वेगाबरोबर कूऽऽ असा आवाज चढत असेल तर अर्थची वायर पुन्हा घट्ट करा, रंग खरवडलेल्या पत्र्यावर. स्टिअरिंगची बटणं आणि रिव्हर्स कॅमेरा चालतोय हेही तेव्हाच तपासा, मग क्लिपा बसवा.