बेटावरच्या संगमरवराची पारख कशी करावी

मुंबईच्या पायाखाली काळा बेसाल्ट आहे, संगमरवर नाही. त्यामुळे घरासाठी परदेशी बेटांवरच्या संगमरवराची लादी निवडायला सिल्वासाच्या गोदामात गेलात, तर पाटीवरच्या नावापेक्षा दगड कसा घडला याकडे आधी पाहावे.

चुनखडक जमिनीखालच्या उष्णतेने व दाबाने पुन्हा स्फटिकरूप झाला, की संगमरवर बनतो. ग्रीसमधील पॅरोस बेटाचा पांढरा दगड जवळजवळ शुद्ध कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडकातल्या मुख्य खनिजाचा, असून त्याची उत्तम प्रत प्राचीन काळी बोगद्यांतून, दिव्याच्या उजेडात काढली जात असे. तुर्कस्तानच्या मार्मारा बेटावरील दगडात राखाडी पट्टे असतात. इस्तंबूलच्या हागिया सोफियामध्ये तो भरपूर वापरलेला आहे. स्कॉटलंडमधील आयोना बेटाच्या पांढऱ्या दगडात सर्पेंटाइन या हिरवट खनिजाच्या पिवळसर हिरव्या शिरा दिसतात, मात्र तेथील खाण पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच बंद पडली, म्हणून कोणी ‘आयोनाचा ताजा माल’ दाखवू लागल्यास सावध व्हावे.

टिनोस बेटाचा गडद हिरवा दगड बाजारात ‘मार्बल’ म्हणूनच विकला जातो, पण तो मुख्यतः सर्पेंटाइनचा असतो. खात्री करायची असल्यास दुकानदाराला विचारून, पॉलिश नसलेल्या मागच्या बाजूवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकावा. कॅल्साइट लगेच फसफसतो, डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेले त्याच्यासारखेच खनिज) बहुधा खरवडून पूड केल्यावरच, तर सर्पेंटाइन ढिम्म राहतो. अर्थात हिरव्या लादीतील पांढऱ्या शिरा कॅल्साइटच्या असू शकतात, म्हणून थेंब हिरव्या भागावरच पडायला हवा. नंतर जागा पाण्याने धुवावी.

आता कापणीकडे वळू. खाणीत डोंगराच्या नैसर्गिक भेगा पाहून, हिऱ्याचे मणी ओवलेल्या तारेने ठोकळे सोडवतात. हाच ठोकळा थरांना आडवा कापला तर पट्टे उमटतात आणि थरांच्या समांतर कापला तर ढगांसारखी नक्षी येते, म्हणून शेजारी बसणाऱ्या लाद्या एकाच ठोकळ्याच्या, एकाच दिशेने कापलेल्या व सलग क्रमांकाच्या मागाव्यात. लादीच्या पाठीवर आधाराची जाळी आणि रेझिन (चिकट राळ) असणे गैर नाही, परंतु त्यामागे भेग दडलेली नाही ना, हे लादी उजेडासमोर तिरकी धरून आणि बोटाने ठोकून तपासावे. ठोकल्यावर बद्द आवाज आला तर ती बाजूला ठेवावी.

हिरवी लादी बसवताना गवंड्याला नेहमीचा सिमेंटचा माल वापरू देऊ नये, कारण काही सर्पेंटाइन दगड पाणी शोषून वाकतात, इपॉक्सी हा चिकट गोंदच वापरावा. पांढरा कॅल्साइटी दगड ओट्यावर न लावलेला बरा, कारण लिंबू किंवा कोकमाचे आगळ सांडले की पॉलिशवर कायमचा निस्तेज डाग उमटतो.